तळ वर येतो आहे

नाव

सुभद्रावहिनींनी फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे यांनी पाठवलेलं नाही."

पडद्यावर मेसेज होता.

*शालिग्राम यांनी आज विहीर क्र. ३१ नोंदवली. सुरक्षित आहेत.*

त्याच्यावर तसाच आणखी एक, आणि त्याच्यावर आणखी. मी मोजले. मंगळवारपासून मंगळवारपर्यंत नऊ मेसेज. शालिग्रामदादा त्याच्या आदल्या सोमवारी सकाळी धारच्या घरून निघाले आणि परत आले नव्हते.

"पण वहिनी, मेसेज येतायत म्हणजे ते फॉर्म भरतायत. फॉर्म भरल्याशिवाय हा मेसेज जातच नाही. मीच बनवलंय ते."

"म्हणूनच तुझ्याकडे आले. दोन बस बदलून." त्या अजून उभ्याच होत्या. "पोलीस ठाण्यातला साहेब पण हेच म्हणाला. बाई, तुमचा माणूस रोज सांगतोय मी सुरक्षित आहे, आता शोधू कुणाला? वर हसून विचारतो, सतवासला दुसरी कुणी ठेवलीये का?"

"बसा ना."

"शुक्रवारचा मेसेज बघ."

*विहीर क्र. ८ नोंदवली. सुरक्षित आहेत.*

"शुक्रवारी अमावास्या होती," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे अमावास्येला विहिरीत दोर सोडत नाहीत. यांच्या आजोबांपासून नाही. ताप असताना कामावर गेलेला माणूस आहे, पण अमावास्येला घरी बसून चपला शिवत बसतो. तुझ्या मशीनला विचार, याआधी कधी अमावास्येला नोंद आहे का?"

मी विचारलं. चौदा महिन्यांत एकाही अमावास्येला शालिग्रामदादांची नोंद नव्हती.

मग आठ नंबरच्या विहिरीत त्या दिवशी दोर कुणी सोडला?

संपर्क

आमची संस्था देवासला आहे. काम धार जिल्ह्यातलं: बदनावर तालुक्यातल्या चाळीस जुन्या विहिरी दर महिन्याला मोजायच्या. पाणी किती खोल, तळ किती खोल. माणूस विहिरीवर जातो, मोबाईलवर फॉर्म भरतो, पाठवतो. नेटवर्क नसेल तर फॉर्म फोनमध्येच थांबतो आणि नेटवर्क मिळालं की स्वतःहून निघतो.

त्या फॉर्मला बाहेरच्या दोन सेवा मी जोडल्या आहेत. पहिली निघताना काम करते. फोन त्या क्षणी कुठल्या गावात आहे आणि तिथे किती तापमान आहे, हे ती फॉर्मला चिकटवते. भरणाऱ्याला हा रकाना दिसत नाही. दुसरी सेवा फॉर्म आमच्याकडे पोहोचल्यावर जागी होते आणि घरच्या नंबरावर मेसेज करते.

मेसेजची कल्पना दादांचीच. "वेदिका, मी भुयारासारख्या विहिरींत उतरतो," ते म्हणाले होते. "सुभद्रा रोज संध्याकाळी दारात उभी राहते. तुझं मशीन तिला एक ओळ लिहील का?"

मला वीस मिनिटं लागली होती जोडायला.

"याच्यात खोटं शिरतं कसं?" वहिनींनी विचारलं.

मी सांगितलं. फॉर्म जिथे येऊन पडतो त्या जागेची एक लिंक असते. ती लिंक हातात असेल तर ॲप लागत नाही, फोन लागत नाही आणि विहीरही लागत नाही. कुठूनही, कुणाच्याही नावाने आकडे टाकता येतात. मेसेजची सेवा बिचारी आंधळी. नाव दिसलं की ओळ लिहून टाकते.

"लिंक कुणाकडे आहे?"

"भैयासाहेबांकडे. संस्था त्यांची. पियूषकडे, तो प्रकल्प बघतो. धीरजकडे, कारण फॉर्म तपासून पाहायला तो दादांबरोबर असायचा."

"आणि?"

"आणि माझ्याकडे."

वहिनी तेव्हा कुठे खुर्चीत बसल्या.

विहीर क्रमांक

नऊ फॉर्म मी कागदावर काढले. दादांचे आधीचेही काढले आणि सगळे टेबलावर पसरले.

दादांच्या शेऱ्यांत माणूस होता. "कबुतरांनी घर केलंय." "मालकाने चहा दिला, साखर फार." नव्यांपैकी आठ फॉर्मांत शेरा एकच: "सर्व ठीक."

वेळही एकच. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं, रोज. आणि मी जोडलेल्या त्या लपलेल्या रकान्यात रोज एकच मजकूर: बदनावर, २१.३ अंश. मंगळवार, बुधवार, अमावास्या, रविवार. "आठ दिवस त्या गावातली हवा हललीच नाही," मी म्हणाले.

"आठ का म्हणतेस? मेसेज नऊ आहेत," वहिनी म्हणाल्या. "गुरुवारी दोनदा आला. एक संध्याकाळी. एक दुपारच्या आधी, मी भाकरी टाकत होते."

गुरुवारचा तो जादा कागद मी बाकीच्यांपासून बाजूला ओढला.

*विहीर क्र. १७. पाणी: नाही. तळाची खोली: ६.३० मीटर. शेरा: तळ आणखी वर आला. खाली आवाज येतो. उतरून बघतो.*

वहिनींनी फक्त आकडा वाचला आणि त्यावर हात ठेवला.

"हा त्यांचा," त्या म्हणाल्या.

"शेऱ्यावरून म्हणता?"

"आकड्यावरून."

तळाची खोली

त्यांनी पिशवीतून एक जुनी सुती दोरी काढली. दर हातभर अंतरावर गाठ.

"टेपने मोजत नाहीत ते. टेप ओला होतो, अडकतो. मी दोरी वळते, ते कोपरापासून बोटापर्यंत धरून गाठी मारतात. खाली दगड बांधून सोडायची, गाठी मोजायच्या. त्यांचा हात पंचेचाळीस सेंटीमीटरचा. गुणाकार काठावर बसूनच करतात. ही जुनी आहे, नवी त्यांच्याजवळ."

मी कॅल्क्युलेटर घेतला. ६.३० म्हणजे चौदा गाठी. आधीच्या चौदा महिन्यांतला प्रत्येक आकडा पंचेचाळीसने पूर्ण भागला जात होता. त्या आठ फॉर्मांतला एकही नाही. ८.४, ६.७, ९.१, ५.५. खुर्चीत बसून सुचलेले आकडे.

म्हणजे हा एकच फॉर्म दादांनी भरला होता. बहुतेक सोमवारीच, सतराच्या काठावर. तिकडे नेटवर्क नाही. तो फोनमध्ये अडकून राहिला आणि गुरुवारी फोनला नेटवर्क मिळताच सुटला. फॉर्म भरल्याची वेळ नोंदवणं मी राहू दिलं होतं, फक्त पाठवल्याची नोंदवली होती. नाहीतर हे गुरुवारीच कळलं असतं.

मग मी सतरा नंबरचे जुने आकडे काढले.

ऑक्टोबर, वीस गाठी. नोव्हेंबर, एकोणीस. डिसेंबर, अठरा. जानेवारी, सतरा. फेब्रुवारी, चौदा.

कोरडी, सोडून दिलेली विहीर. तिचा तळ दर महिन्याला हातभर वर येत होता. आणि या महिन्यात तीन हात. कुणीतरी खालून काठाकडे चढत असावं तसा.

हे आकडे माझ्या डोळ्यांसमोरून गेले होते. मी ते पियूषकडे पाठवत होते. तो त्यांचा अहवाल करत होता.

मी धीरजला फोन लावला. तो दादांचा जोडीदार; गेला आठवडा वेगळ्या कामावर होता, पण त्या दिवशी बदनावरकडेच होता.

"धीरज, सतरा नंबरवर जाशील? आत्ता?"

"सतरा? तो तर पियूष भियाने लिस्टमधून काढला ना. बोले, कोसळणारेय, उधर मत जाना. दादा तरी एकटे जात होते. का, काय झालं?"

"दादा तिथे आहेत असं वाटतंय. चार माणसं घेऊन जा. आत उतरू नकोस, वाकूसुद्धा नकोस. नुसतं बघ आणि नेटवर्कमध्ये येऊन सांग."

तिकडे चालू असलेली मोटरसायकल बंद झाली.

"वहिनी तुझ्याजवळ आहेत का?" त्याने विचारलं.

"आहेत."

"मग जास्त नको बोलू. निघतो."

जागा आणि तापमान

सहाला मी वहिनींना घेऊन भैयासाहेबांच्या खोलीत गेले. पियूष तिथेच होता, लॅपटॉप मिटलेला, हातात चहा. खिडकीतून टेकडी दिसत होती.

भैयासाहेब सत्तरीचे. कागद बघून वैतागले. "अगं, तो काम करतो आहे, नोंदी येत आहेत, आणि तू म्हणतेस तो नाही. मग कोण करतो आहे? भूत?"

"भैयासाहेब, या नोंदी..."

वहिनींच्या हातातला फोन वाजला.

*शालिग्राम यांनी आज विहीर क्र. २२ नोंदवली. सुरक्षित आहेत.*

भैयासाहेबांनी तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला. खोलीत आम्ही चौघं. कुणाचाच हात फोनवर नव्हता. पियूषच्या कपातून वाफ येत होती.

"लो," पियूष हळूच म्हणाला. "आता बोल. आम्ही सगळे तुझ्यासमोर बसलोय. कोणी पाठवला?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं.

"कोणी नाही," मी म्हणाले. "आत्ता कोणी नाही. रोज सहा दहाला एक फॉर्म जाईल असं एकदाच लावून ठेवलंय. माणूस रोज त्याच मिनिटाला विहिरीवर पोहोचत नाही. आणि रोज २१.३ तापमानही नसतं. दादांचा एक जुना फॉर्म समोर ठेवून त्यातला तो रकाना जसाच्या तसा उचललाय."

"कुणी?" भैयासाहेबांनी विचारलं.

"लिंक चौघांकडे आहे."

"जोडणी मॅडमच्या नावावर आहे," पियूष म्हणाला. "सॉरी, पण आहे ना? आणि तो गुरुवारचा फॉर्म. त्यात जागा काय लिहिलीये, वाच ना."

त्याला गुरुवारच्या फॉर्मबद्दल मी काही सांगितलं नव्हतं. पण सगळ्या नोंदी त्यालाही दिसतात, म्हणून मी तेवढ्यावर काही बोलले नाही. वाचलं.

"टोंकखुर्द. २४.६ अंश. अकरा वाजून बावीस मिनिटं."

"टोंकखुर्दचा आपल्यात कोण आहे?"

धीरजचं घर टोंकखुर्दला आहे. हे सगळ्यांना माहीत होतं.

"फोन त्याच्या घरी असेल," पियूष म्हणाला. "शालिग्रामबरोबर रोज तोच जायचा. मला नाही वाटत बोलावंसं, पण..."

"धीरजला अमावास्या माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा बोलत होत्या.

"अमावास्येला हे घरी असतात म्हणून तोही सुट्टी घेतो. आमच्याकडे जेवायला येतो. आणि गाठी तो यांच्याबरोबर मोजतो, मोठ्याने. त्याला खोटे आकडे करायचे असते तर त्याने गाठींचे केले असते. अमावास्या सोडली असती." त्यांनी पियूषकडे पाहिलं. "हे आकडे करणारा यांच्याबरोबर कधी विहिरीवर गेलेला नाही."

"म्हणजे मी?" पियूष हसला. "किंवा भैयासाहेब? वहिनी, मैं गुरुवार को यहीं था. ऑफिसात. वेदिका, माझी हजेरी काढ. काढ ना, सगळ्यांसमोर."

मी काढली.

आमच्याकडे हजेरीसुद्धा त्याच ॲपवर लागते. साडेअकराला ती बंद होते. म्हणून उशीर झाला की सगळे रस्त्यातूनच फॉर्म उघडतात, यादीतून 'ऑफिस' निवडतात आणि पाठवतात. मीही करते. भैयासाहेब सोडून सगळ्यांना माहीत आहे.

"पियूष," मी वाचायला लागले. "गुरुवार. जागा: ऑफिस, देवास. वेळ: अकरा एकोणीस."

"बस?"

"थांब. पुढे एक रकाना आहे."

त्याने कप खाली ठेवला.

"विहिरीच्या फॉर्मला तो आहे हे तुला माहीत होतं. हजेरीच्या फॉर्मला वेगळी जोडणी करायचा मला कंटाळा आला. मी तीच पुन्हा लावली. कुणाला सांगितलं नाही." मी रकान्यावर बोट ठेवून वाचलं. "टोंकखुर्द. २४.६ अंश."

अकरा एकोणीसला पियूषचा फोन टोंकखुर्दला होता. अकरा बावीसला दादांचा फोन त्याच गावात, त्याच हवेत चालू झाला. फोनचा माग काढलाच कुणी, तर तो धीरजच्या दारात संपावा एवढ्यासाठी तो तिथे चालू केला गेला. पण त्या फोनच्या पोटात सोमवारचा एक फॉर्म अडकला होता. तो नेटवर्कची वाट बघत होता.

शेरा

माझा फोन वाजला. धीरज. मी स्पीकरवर घेतला.

"चिंचेखाली उभा आहे, रस्त्यावर," तो धापा टाकत होता. "सतराच्या वर पत्रा टाकलेला. दगड ठेवलेले त्यावर. आम्ही सरकवला. खूप घाण वास येतोय, डोळे झोंबतात. खाली पिंपं आहेत, निळी. एकावर एक. काही फुटलीत, आतून टकटक, खदखद असा आवाज येतो. अंधार पडतोय, पुढे काही दिसत नाही."

"अजून काय दिसलं, भाऊ?" वहिनींनी विचारलं.

त्या ऐकतायत हे धीरजला आत्ता कळलं.

"चपला, वहिनी. काठावर. पत्र्याच्या आत होत्या."

"कशा आहेत?"

"नीट ठेवल्यात. जोडीने."

"ते तशाच ठेवतात. उजव्या चपलेत फोन ठेवून उतरतात, पाण्यात पडू नये म्हणून. फोन आहे?"

"नहीं है."

"दोरी?"

"गाठींवाली आहे. बाभळीला टांगलीये."

"आणि मोठा दोर? उतरायचा?"

"तो नाही. बाभळीच्या सालीवर घासल्याची खूण आहे, पण दोर नाही."

वहिनींनी मान हलवली. मग त्या पियूषकडे वळल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही.

"दोर धरून माणूस खाली उतरला, तर दोर आपला आपण वर येत नाही. कुणी काढला?"

पियूष भैयासाहेबांकडे बघत राहिला. भैयासाहेब कागदाकडे बघत होते. वीस, एकोणीस, अठरा, सतरा, चौदा.

"मी ढकललं नाही," पियूष म्हणाला. "आईशप्पथ. त्याने दुपारी फोन केला रस्त्यावरून, सतरावर जाता जाता. बोला, भिया, सतरात काहीतरी टाकतायत, मी उतरून बघतो. मी म्हटलं थांब, मी येतो. तो थांबला नाही. मी पोहोचलो तेव्हा तो खाली पडला होता. गॅस होता. मी तरी काय करणार होतो? पिंपं टाकणारे फॅक्टरीवाले मला म्हणाले होते नुसती माती आहे."

"पडला होता," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"हलत होता का?"

स्पीकरवर धीरजचा श्वास ऐकू येत होता. दूर कुणीतरी गाईला हाका मारत होतं.

"पियूष," वहिनींनी पुन्हा विचारलं, "तू दोर काढलास तेव्हा ते हलत होते का?"

पुढे ठाण्यातही, कोर्टातही पियूषने पुष्कळ काही सांगितलं. पण त्या एका प्रश्नाचा रकाना त्याने कोराच ठेवला.

पाठवा

दादांना दुसऱ्या दिवशी वर काढलं. फोन टोंकखुर्दला धीरजच्या गोठ्यामागे सोयाबीनच्या भुशात सापडला.

मी रोजचा तो सहा दहाचा फॉर्म बंद केला. मग वहिनींना विचारलं, मेसेजची जोडणीही काढून टाकू का?

"नको," त्या म्हणाल्या. "खोटे नऊ आले. एक खरा येऊ दे."

त्या काय म्हणत होत्या ते मला एप्रिलमध्ये कळलं. पांढरे कपडे आणि मुखवटे घातलेल्या लोकांनी सतरा नंबर रिकामी केली. आठवड्याने वहिनींचा फोन आला. त्यांना दादांच्या नावाने फॉर्म उघडून हवा होता.

बदनावरहून आम्ही धीरजच्या मोटरसायकलवर तिघं गेलो. विहिरीला नवा कठडा होता. वहिनींनी चपला काढून काठावर जोडीने ठेवल्या. पिशवीतून बाभळीवरची ती दोरी काढली, टोकाला दगड बांधला आणि सोडली. दोरी त्यांच्या बोटांतून सरकत होती. प्रत्येक गाठीला त्या थांबत होत्या आणि मोठ्याने मोजत होत्या. चौदाला जरा जास्त थांबल्या.

दगड टेकला. त्या कठड्यावर रेलून कितीतरी वेळ कान देत राहिल्या.

मग फोन घेतला. मराठी लिहायची सवय नाही म्हणून एकेक अक्षर शोधत त्यांनी स्वतः भरलं.

*विहीर क्र. १७. पाणी: नाही. तळाची खोली: ९.०० मीटर. शेरा: वीस गाठी. आवाज नाही.*

पाठवला. गेला नाही. तिकडे नेटवर्क नाही. आम्ही शेतातून चालत रस्त्यावर आलो. चिंचेखाली पोहोचल्यावर फॉर्म सुटला. लपलेल्या रकान्यात काय चिकटलं ते मी माझ्या फोनवर पाहिलं: बदनावर, ३८.२. आठ-दहा सेकंद गेले असतील.

वहिनींचा फोन वाजला.

*शालिग्राम यांनी आज विहीर क्र. १७ नोंदवली. सुरक्षित आहेत.*

धीरजने तोंड फिरवलं. वहिनींनी मेसेज वाचला, पुन्हा वाचला. मग दोरीवरची माती झटकली, ती गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

"आता बंद कर," त्या म्हणाल्या.